खूण एकदाच

४ मार्च, इबादान
आज संशोधन केंद्रात रुजू झाले. अठरा वर्षं लागोसच्या शाळेत घसा फोडल्यावर आता काम काय, तर गप्प बसून गप्प बायकांकडे बघायचं! खोलीवर आंब्याची सावली आहे, खुर्ची मऊ आहे, केंद्राच्या फाटकाशी अकारा, म्हणजे चवळीचे गरम वडे मिळतात. मी खूश आहे.

साठ आयांच्या चित्रफिती आहेत. परका माणूस मुलापुढे बिस्किटं धरतो. आई न बोलता, नुसत्या डोळ्यांनी मुलाला काय सांगते ते नोंदवायचं. हे मला कुणी शिकवायला नको. पाहुणे म्हणून गेलो की माझ्या आईचा डोळा फिरायचा आणि हातातलं मटण ताटात परत जायचं. आई खूण एकदाच करी. नाही मानली, तर ओठाचा डावा कोपरा किंचित उचलून तोंड फिरवी. मग आपण तिचे कुणी नव्हतोच.

७ मार्च
प्रोफेसर अकिनशोला परदेशातून तक्ते घेऊन आलेत. राग, भीती, तुच्छता. प्रत्येकाचा ठरलेला स्नायू. बायकांना ते 'नमुने' म्हणतात. बाजारातल्या बाईच्या डोळ्यांत टोमॅटोच्या भावाशिवाय काय असणार, असं आज हसत म्हणाले. ह्या गृहस्थाने स्वतःच्या बायकोचा चेहराही कधी वाचला नसावा. हे लिहायला नको होतं. त्यांच्याच केंद्राचं मीठ खाते. पण खोडत नाही.

११ मार्च
नवव्या फितीपासून एक गोष्ट खटकते आहे. तिसऱ्या मिनिटाला आई मुलावरची नजर काढते. थेट कॅमेऱ्यात बघते, मग कॅमेऱ्याच्या जरा मागे, वर. डोळे विस्फारतात आणि दाराकडे वळतात. इथल्या कुठल्याही पोराला कळेल: ऊठ, बाहेर ये. मग ओठाचा कोपरा वर जातो. आतापर्यंत चौदा फिती, चौदा वेळा. मूल तर तिच्या शेजारी असतं. मग खूण कुणाला?

प्रोफेसरांना दाखवलं. म्हणाले, "शाळा सुटली, मॅडम, पण धडा शोधायची खोड सुटली नाही. तुच्छता लिहा नि पुढे चला." लिहिलं. खरं लिहिलं का?

१४ मार्च
पहारेकरी बाबा लामिदींना विचारलं. चित्रण दोन वर्षांपूर्वी ह्याच खोलीत झालं. कॅमेरा तिकाटण्यावर, माझी खुर्ची आहे तिथेच. मागे माणूस कुणी नव्हता, म्हणाले. नुसती भिंत.
भिंत खुर्चीपासून चार पावलं. मोजली.

१६ मार्च
नवव्या फितीतली इया सिकिरू, म्हणजे सिकिरूची आई, बाजारात सापडली. मी रीतीप्रमाणे गुडघे टेकले. तिने मिरच्यांवरून मान वर केली आणि शेजारणीला म्हणाली, "ही बघ गं, हीच ती खुर्चीतली!" मग मला म्हणाली, "डोळे आहेत की भोकं? ऊठ म्हणून तेव्हाच सांगितलं होतं ना? आईने काही वळण लावलं नाही वाटतं!" दोघी खिदळल्या.
मी ह्या गावात बारा दिवसांपूर्वी आले.

१९ मार्च
भिंत तीन पावलं. आधी मोजताना चुकले असेन.
उठून जावं? अर्धं काम टाकणं मला जमत नाही. आणि मिरच्या विकणाऱ्या बाईच्या बोलण्याला भिऊन पळणारी मी... तक्त्यात त्याला शब्द आहे.

२१ मार्च
मागे श्वास— नाही, पंखा.
पंखा बंद आहे.
दोन पावलं. वळून पाहिलं की भिंतच असते. फक्त—

२२ मार्च, दुपार
साठावी फीत. शेवटची. मूल नाही. एकटी आई. माझी आई— सहा वर्षांपूर्वी पुरली तिला. डोक्याला पुरताना बांधलेला तोच निळा रुमाल.
कॅमेऱ्यात पाहिलं. मग माझ्या मागे. डोळे दाराकडे.
उठतेच आहे— फक्त वेळ नोंदवते, दोन मिनिटं एकेचाळीस—
मानेवर काहीतरी ओलं—
आई, थांब ना, एवढी ओळ—
तिच्या ओठाचा डावा कोप