आधी तुम्ही शिका

७ जुलै, सोम.
डी.एड. कॉलेजचं पत्र घेऊन आज एक पोरगी आली. आंतरवासितेला. महिनाभर माझ्या चौथीवर पाठ घेणार. मी मागं बसून बघायचं, शेवटी शेरा लिहायचा. शेरा वाईट गेला तर वर्ष गेलं, पुढच्या साली सगळं पुन्हा. नाव सई. आडनाव वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला.
"आई काय करते गं?"
"रिटायर झाली. आमच्याच कॉलेजला होती, मराठीची मेथड शिकवायची."
ण-बाईची पोरगी! माझ्या दारात! देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात. मला तर आज चांगला ऐकू आला.
सोडणार नाय.

८ जुलै
शाळेतून आल्या आल्या ट्रंक उघडली. माझी डी.एड.ची पाठ टाचणाची वही गोधड्यांखाली होती तशीच. बावीस वर्षं झाली. लाल शाई पुसट झालीय, पण वाचता येतं: "उच्चार ग्रामीण. अध्यापनास अयोग्य."
पाचवीचा वर्ग, पाठ पाण्याचा. मी 'पानी' म्हणून गेले. कन्नड तालुक्यातली मी, आमच्यात आज्या-पणज्यांपासून सगळी पानीच पीत आली. ण-बाई मागच्या बाकावरून उठल्या. पोरांसमोर म्हणाल्या, "बाई, आधी तुम्ही शिका, मग शिकवा." आणि वीस वेळा म्हणायला लावलं. पाणी, पाणी, पाणी. पोरं मोठ्यानं मोजत होती. तेराव्याला माझा आवाज फुटेना, तर "पुन्हा एकपासून."
हे नाव मीच ठेवलं त्यांना. ण-बाई.
अजून तो शब्द आला की मी जराशी अडखळते. घरी तर म्हणतच नाही. "अहो, तेवढा तांब्या द्या." ह्यांना वाटतं माझी बोलायची तऱ्हाच तशी.

११ जुलै, शुक्र.
सईचा पहिला पाठ. तक्ते सुरेख, अक्षर मोत्यासारखं. "कृपया शांतता राखा," म्हणाली. पोरं एकमेकांकडं बघायला लागली, हे काय राखायचं असतं म्हणून. मग हसली. मी नवा लाल पेन घेतलाय मुद्दाम. वर्गनियंत्रण: नाही.
शेजारच्या वर्गाचे शेख सर म्हणे, "मॅडम, जाने दो ना, बच्ची है."
मी पण बच्चीच होते.

१८ जुलै
आज ऐन वेळी तक्ते काढून घेतले. "तक्त्याशिवाय शिकवा." गडबडली. खडू दोनदा मोडला. मधल्या सुट्टीत हौदामागं जाऊन रडली, मी खिडकीतून बघितलं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. घरी येऊन ठेच्याबरोबर दोन भाकरी खाल्ल्या.
पोरगी कष्टाळू आहे, हेही लिहून ठेवते. आईसारखी नकचढी नाय. पण म्हणून काय झालं.

२१ जुलै, सोम.
आला! दिवस आला!
सईनं विचारलं, विहिरीत काय असतं. सोनालीनं हात वर केला. ही सोनाली महिनाभर तोंड उघडत नव्हती. बाप वाळूजला कंपनीत, कंत्राटी. दोन शाळा बदलून आलेलं लेकरू. उठून म्हणाली, "पानी."
सई म्हणाली, "पानी नाही. पाणी. म्हण बरं?"
सोनाली खाली बसली.
मी मागच्या बाकावरून उठले. म्हणाले, "बाई, आधी तुम्ही शिका, मग शिकवा." जसंच्या तसं. बावीस वर्षं जिभेवर ठेवलेलं वाक्य. मग म्हटलं, "ही लेकरं हो म्हणत नाहीत, व्हय म्हणतात. तुम्हाला येतं का? म्हणा. वीस वेळा."
म्हणाली. व्हय, व्हय. पोरं मोजत होती. सगळ्यात मोठ्यानं सोनाली. सईची मान खाली, कान लाल. पण वीसच्या वीस म्हणाली, थांबली नाही.
जिरवली एकदाची.

२२ जुलै
मधल्या सुट्टीत पोरी व्हरांड्यात शाळा-शाळा खेळत होत्या. बाई कोण, तर सोनाली. हातात पट्टी. समोर पहिलीतली एक चिमुरडी उभी, तिला र म्हणता येत नाही, ल म्हणते. सोनाली कमरेवर हात ठेवून: "आधी तुमी शिका, मंग शिकवा. वीस येळा म्हना!" बाकीच्या मोजत होत्या. ते लेकरू रडकुंडीला आलेलं.
आवाज माझाच. कमरेवरचा हात पण माझा.
पट्टी काढून घेतली. ओरडले नाही. ओरडायला तोंड कुठं होतं मला? महिनाभर गप्प असलेल्या पोरीनं माझ्याकडून पहिलं काय उचललं, तर हे.
भाकरी गेली नाही.

२३ जुलै
लिहायचं नाही आज.

२५ जुलै, शुक्र.
ण-बाईंचा फोन. आवाज अजून तसाच, एकेक अक्षर कापल्यासारखं. सई घरी जेवत नाही म्हणे, कारण सांगत नाही. "तिच्या शेवटच्या पाठाला मी आले तर चालेल ना?"
मी म्हटलं, "मॅडम, मी तुमची विद्यार्थिनी. बावीस वर्षांपूर्वीची. पाण्याचा पाठ."
"हो का? छान. खूप मुली होत्या हो, आता चेहरे आठवत नाहीत."
आठवत नाहीत! मी आयुष्यभर तांब्या द्या म्हणत बसले, आणि बाईंना आठवत नाही! फोन ठेवल्यावर ह्यांच्यावरच खेकसले.
शेऱ्यात एकच शब्द लिहायचा. अयोग्य. त्यांच्यासमोर लिहायचा. मग आठवेल.

२९ जुलै
सई आता पोरांत बसून डबा खाते. आज विचारलं, "मॅडम, माझं नक्की काय चुकलं त्या दिवशी?"
मी म्हटलं, "लेकरू पहिल्यांदा बोललं होतं गं."
डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "व्हय."
टोमणा होता का? नसावा.

१ ऑगस्ट, शुक्र.
शेवटचा पाठ. ण-बाई आल्या. केस पांढरे, हातात काठी. मागच्या बाकावर माझ्याच शेजारी बसल्या. पाठ चांगला झाला. पोरं बोलली, भांडली, सईनं कुणालाच अडवलं नाही.
पाठ संपला. बाई म्हणाल्या, "जरा पाणी मिळेल का?"
मी मोठ्यानं, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं: "सोनाली, बाईंला पानी दे." अडखळले नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा.
"पाणी," बाई म्हणाल्या. सहज. सवयीनं. माझ्याकडं न बघता.
मी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात सई फळ्यापासून म्हणाली, "आई, इथं पानी म्हणतात."
बाईंचं तोंड बघण्यासारखं झालं. ह्याच क्षणाची वाट बघत होते ना मी? बघून घेतलं. गोड लागलं, नाय कशाला म्हणू.
मग शेजारी बघितलं तर सोनाली. भरलेला पेला दोन्ही हातांत धरून उभी. बाईंकडं बघते, सईकडं बघते, माझ्याकडं बघते. हळूच मला म्हणाली, "मॅडम, मंग म्या काय म्हनू?"
चौथीच्या लेकरानं विचारलं. पुढं हिलाही कुणीतरी मागच्या बाकावरून ऐकणार आहे. वीस वर्षांची नोकरी माझी. "सोमवारी सांगते," म्हटलं. तिनं मान हलवली आणि पेला बाईंपुढं धरला.
शेऱ्याचा कागद सोमवारीच कॉलेजला जायचाय. रकाना कोरा. लाल पेन शेख सरांना देऊन टाकला. निळा सापडत नाही.