संदुकीच्या दातांचा साचा

कार्तिक वद्य ४, शके १८६०. जवळा बाजार

घेतली संदूक करायला! आता माघार नाही. व्यंकटरावाच्या लेकीचं लग्न मार्गशीर्षात. तो म्हणाला, ‘कोपऱ्याचे दात तुज्याच हातचे पायजेत सोनाजी, हिंगोलीच्या सुताराकडं जात न्हाई मी.’ मी मान हलवली. उजवा हात धोतराच्या सोग्यात खुपसलेला. तो थरथरतो हे फक्त रुक्मेला, माझ्या बायकोला, ठाऊक आहे. गावाला कळलं की संपलं — मग लोक मला साधा पाटही करायला देणार नाहीत.

वद्य ६

कोपऱ्यात फळ्या एकमेकींत अडकवणारे दात कापायचे, तर हातकरवत रेघेवर ठेवली की नाचते. सागाच्या चांगल्या फळीची वाट लावली. रुक्मेने तुकडे उचलून चुलीपाशी ठेवले. तेच जास्त लागलं.

वद्य ८

सुचलं! कापसाच्या जिनिंगच्या भंगारातली गोल करवत मेजात बसवलेली आहेच. रुक्मा चाक फिरवते, पट्ट्यावर करवत फिरते. आजवर तिच्यावर नुसत्या फळ्या चिरल्या. आता साचा करायचा. मेजाला दोन खाचा, त्यांतून सरकणारा पाट, पाटावर उभी फळी, आणि करवतीशेजारी एक खुंटी. पहिली खाच कापली की ती खुंटीवर बसवायची, पुढची कापायची. अंतर खुंटी राखणार. हात थरथरेना का, पाट खाचेतूनच जाणार!

वद्य ११

साचा झाला. उभी फळी बापाच्या गुण्याने काटकोनात लावली. दात सटासट निघाले. नमुन्याची पेटी जोडून ऐटीत रुक्मेपुढे ठेवली. तिने बोटाने एक कोपरा दाबला. ‘अवो, ही तर डुलून राहिली!’

डुलतच होती. रागाने जेवलो नाही. नंतर जेवलो, पिठलं होतं.

वद्य १३

गुण्याच चोर! रेघ मारली, गुण्या उलटा करून त्याच जागेवरून दुसरी मारली — दोन्ही वर जाऊन फाकल्या. म्हणजे बापाच्या वेळेपासून वाकडा. मग माझी कामं सरळ कशी यायची? डोळा सांभाळून घेत होता, मलाही न सांगता! साच्याला डोळा कुठला? त्याने वाकडेपणा बराबर उचलला. हसू आलं. बापाची आठवणही आली, त्यानेही असंच सांभाळून घेतलं असणार.

दोन रेघांच्या मधोमध तिसरी मारली आणि तिला धरून साच्याची उभी फळी फिरवली. पेटी डुलत नाही.

अमावस्या

सुताराचं हत्यार आज बंद. थरथरीला मात्र सुट्टी नाही.

मार्गशीर्ष शुद्ध २

संदुकीची खरी फळी घेतली. तिसऱ्याच दाताला हात असा उडाला की फळी खुंटीवरून निसटली. थोडक्यात वाचली! रुक्मेने चाक थांबवलं. ‘तुमी इकडं या. चाक फिरवा.’

म्हटलं, आपल्यात बायका करवत धरत नाहीत. आई दसऱ्याला हत्यारांना कुंकू लावायची, उचलायची नाही.

‘मी कुठं करवत धरून राहिले? साचा धरते. साच्याला सासूबाईनं मना केलं व्हतं काय?’

कुणी बघू नये म्हणून दार लावून घेतलं. चाकाला थरथरता हात चालतो.

शुद्ध ३

उरलेले सगळे दात तिनेच कापले. मी तरुणपणी कापायचो तसे. बरं वाटलं, आणि वाईटही वाटलं.

शुद्ध ५

व्यंकटराव आला. कोपऱ्यांवरून बोट फिरवलं. ‘वा सोनाजी! हात तोच हाय अजून!’

नुसतं हो म्हणायचं होतं. रुक्मा दारात उभी राहून पदरावरचा भुसा झटकत होती.

म्हणालो, ‘दात हिनं कापले.’

त्याला थट्टा वाटली. मग मी उजवा हात सोग्यातून काढला आणि त्याच्यासमोर धरला. थरथरत होता. तसाच धरून ठेवला.