मी सांगितलेला होकार

धाड
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

चि. गजेंद्र यास ताईचे आशीर्वाद.

लहानग्या पुष्पांजलीचा खोकला थांबला का? तिला मोटारसायकलवर मागं बसवून वारं लावत फिरू नकोस. इकडे कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर चारलाच घरी निघतात. माझा गुडघा तसाच. बाकी ठीक.

फोन सोडून ताई पत्र का लिहीत बसली, म्हणशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, लहानपणापासूनची खोड. आणि हे मधेच तुटलं तर पुन्हा माझ्यानं बोलवणार नाही.

रेणुकेचा रविवारचा साखरपुडा थांबव.

चिडू नको, आधी वाच. स्थळ तू आणलंस. शिवम नोकरीवाला, हुंड्याचा शब्द नाही. ऐकू न येणाऱ्या माझ्या पोरीला आणखी काय हवं, असं मीही मनाला दहादा समजावलं. पण परवा पाहायला आले तेव्हा तो रेणुकेबद्दल सगळं मलाच विचारत होता. तिला भाकरी जमते का, तिला राग येतो का. ती समोरच बसलेली. एकदाही तिच्याकडे तोंड केलं नाही. तू तेव्हा अंगणात जीपवाल्याशी बोलत होतास.

मग त्याची आत्या रुखमाबाई म्हणाली, "पोरीले तं इचारा, पसंत हाये का." मी खुणांनी विचारलं. रेणुकेनं त्याच्याकडे बोट केलं, स्वतःकडे केलं, दोन्ही हात गुंफले, म्हणजे लग्न. तिच्या खुणांत नकार शेवटी येतो. तेवढ्यात रुखमाबाई नारळ घेऊन उठली, ओटीसाठी रेणुकेला दोन्ही हातांनी पदर धरावा लागला. हात अडकले की तिचं बोलणं बंद.

इथंच थांबणार होते मी. तिचं पुरं व्हायच्या आत ओटी भरली, कुणाचाच दोष नाही, असं लिहून मोकळी होणार होते. पण ते खोटं आहे, गजू. तिचं पुरं झालं होतं. पंजा आडवा हलला, मान हलली, भुवया आवळल्या. ती चार वर्षांची होती तेव्हापासून, सोळा वर्षं मी तिच्या खुणा वाचते, मी चुकेन? रुखमाबाईनं विचारलं, "मान हालवली पोरीनं. हाव म्हनते नं?" आणि मी म्हणाले, "हाव." पदरही मीच तिच्या हातात दिला. पुन्हा असं स्थळ येणार नाही, या भीतीनं.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. काम करते, अर्धी भाकरी खाते, हात मांडीवर ठेवून बसते. मी वावरात जाते आणि तासाभरात परत येते. पोरगी जिवाचं काही करून तर घेणार नाही ना, हेच डोक्यात.

तिकडे तुझ्या गावात, मोताळ्यात, तुझी मान खाली जाईल, कळतं मला. माझं नाव सांग. ताईनं खोटं सांगितलं, म्हण. शेजारचे पंजाबराव उद्या सकाळच्या एसटीनं हे पत्र आणून देतील. उद्याच शिवमच्या घरी जा. तू नाही गेलास तर रविवारी भरल्या घरात मी सांगेन.

आज सकाळी ती परवानंतर पहिल्यांदा हातांनी बोलली. भांडी खाली ठेवली, हात पुसले आणि सावकाश विचारलं, 'रविवारी मी सगळ्यांसमोर नाही म्हटलं, तर तू तोंडानं काय सांगशील?'

मी तिच्यासमोरच कागद काढून हे लिहायला बसले, गजू. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

जिला रेणुकेनं आपलं तोंड मानलं, ती तुझी ताई,
जनका