ढवळ्याला आधी खायला, मग सुई

मी, गुंडा बिरुदेव बंडगर, वय चौऱ्याहत्तर, मूळचा सांगोल्याकडचा, हल्ली राहणार नीलमनगर, सोलापूर, टॉवेलच्या कारखान्यातून निवृत्त, शिक्षण चौथी, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. मुलगा जोतिराम मला भ्रमिष्ट म्हणतो, म्हणून शुद्धीत असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. तो माणसांच्या डॉक्टरांचा आहे.

१. राहते घर माझ्या कमाईचे आहे. ते जोतिरामला द्यावे. प्रेमाने देत नाही. न दिले तर तो कोर्टात जाईल आणि तिथे माझे नाव पुकारले जाईल, म्हणून देतो. ढवळ्या बोका जगेल तोवर घर विकू नये, अशी अट मी आधी घातली होती. मग मला झोप येईना. ज्याला घर विकायची घाई आहे, तो बोक्याला किती जगू देईल? म्हणून ती अट खोडली आहे.

२. ढवळ्या माझी बायको कै. म्हाळसाबाई हिने पाळलेला. त्याला मधुमेह आहे. बादलीत तोंड घालून पाणी प्यायचा, मोरीत मुतला की मुंग्या लागायच्या, दुप्पट खाऊनही कणा हाताला लागायचा. मी सांगितले तर जोतिराम म्हणाला, "आप्पा, चांगलं खातंय, पितंय, आन् तुमी म्हंता आजारी! मांजर हाय ते, तुमचा आजा न्हाय." शेवटी तो मागच्या पायांच्या टाचा टेकून चालू लागला, तेव्हा मी त्याला पिशवीत घालून डॉ. प्रियंका सलगर यांच्याकडे नेले. त्यांनी रक्त, लघवी तपासून इन्सुलिन सुरू केले. सकाळ-संध्याकाळ, बारा तासांच्या अंतराने. आधी खायला, मग सुई. खाल्ले नाही तर सुई न देता डॉक्टरांना फोन. दूध-भाकरी बंद.

३. सून पूनम हिला म्हाळसाबाईची पितळी भांडी द्यावीत. ढवळ्याला मात्र तिने व जोतिरामने हात लावू नये. कारण असे. गेल्या अमावास्येला मी मोतीबिंदूची पट्टी बांधून पडलो होतो. जोतिरामने बोक्याला सुई दिली आणि निवद घेऊन तो बिरुदेवाला गेला. मी आतून ओरडलो, "पूनम, बोक्याला घातलंस का?" ती म्हणाली, "मामा, देवाला निवद दावल्याबिगर मांजराला कसं घालू? वाईच दम धरा की." देवळात रांग होती. ढवळ्या भेलकांडला, पडला, थरथरू लागला. पूनमने त्याच्या कपाळाला भंडारा लावला. रक्तातली उतरलेली साखर भंडाऱ्याने चढत नाही. जोतिराम परत आला तो म्हणाला, "ह्या बोक्यापायी सण बाटला." बोका जगला का, हे त्याने विचारले नाही.

४. शेजारी शिवयोगी बिराजदार हा वाईट माणूस आहे. थेट माझ्या घरात डोकावेल अशी खिडकी त्याने भिंतीत पाडली. रोज अंगण धुऊन घाण पाणी माझ्या दारात सोडतो. मेलो तरी मी त्याला माफ करणार नाही. पण त्याला स्वतःला साखर आहे, आणि त्या दिवशी माझी ओरड ऐकून तोच कुंपणावरून आला. "ए गुंड्या, साखर उतरली की रे ह्याची! बाई, भंडारा नंतर, आदी गूळ आणा!" त्याने गुळाचे पाणी बोटाने हिरड्यांना चोळले आणि ढवळ्याला दवाखान्यात नेले. दुसऱ्या सकाळी ठरल्या वेळी माझ्या दारात पाणी सोडले. इतक्या वर्षांत त्याने ती वेळ एकदाही चुकवलेली नाही. सुईला असाच माणूस लागतो. म्हणून ढवळ्या आणि इन्सुलिन ठेवायचा फ्रीज शिवयोगीला द्यावा. त्याने माझ्या मयताला येऊ नये. ती वेळ सुईची असली तर मुळीच येऊ नये.

५. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत माझ्या घरात कुणी जेवणार नाही, हे मला ठाऊक आहे. बोक्याला त्यात धरू नये. कावळा शिवला नाही तर जोतिरामने हात जोडून मला काहीबाही कबूल करत बसू नये. शिवयोगीच्या दारात जाऊन विचारून यावे, आणि पिंडाजवळ एवढेच सांगावे, की ढवळ्याने खाल्ले.

सही : गुंडा बिरुदेव बंडगर

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली :
१. डॉ. प्रियंका सलगर, गुरांच्या व मांजरांच्या डॉक्टर
२. ज्ञानबा काशीद, कारखान्यातला जोडीदार

सोलापूर, ९ फेब्रुवारी २०२५