पिवळ्या टोपणांचे पाइप

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सत्तावीस, काम ट्रकवरचा माल बांधणे, राहणार आत्याच्या घराची मागची खोली, आज पोटभर जेवून, डोके ताळ्यावर असताना, माझ्या मागे माझ्या वस्तूंचे काय करावे ते या कागदावर लिहून ठेवत आहे. मला ताप नाही, कसलेही औषध चालू नाही. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आहे ते दुसऱ्याच एका कागदावर सही करण्यासाठी. तो विषय कलम चारमध्ये येईल. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

या वयात हे कशाला, असे आत्याने विचारलेच.

"तुला काय धाड भरलीय? एवढीशी पोर मृत्युपत्र लिहिते? आधी मला तरी जाऊ दे."

"आत्या, तिथे रांग नसते."

"मग माझं नाव सगळ्यात वर घाल."

घातले आहे. कारण मात्र हे: चार महिन्यांपूर्वी महामार्गाच्या वळणावर, ज्या ट्रकचा माल मी बांधला होता त्यावरून लोखंडी पाइप घरंगळले. मागून मोटारसायकलवर आमच्या बाजारातले घड्याळजी येत होते, ते जागच्या जागी गेले. हेल्मेट डोक्यावर होते. त्यांनी कुठे काही लिहून ठेवलेले नव्हते. त्यांच्या बाई तेव्हापासून कापडी पिशवीत कागद घेऊन बँक, विमा कचेरी आणि कोर्ट यांच्यात हेलपाटे घालत आहेत. आत्याच्या गुडघ्यांना तेवढे हेलपाटे झेपणार नाहीत. म्हणून.

कलम एक. मागची खोली. जमीन आत्याची, भिंती आणि पत्रे माझे. सगळे आत्याला. दाराची कडी आधी वर उचलून मग ओढावी लागते. आत्याला ते माहीत आहे, पण पुढेमागे भाडेकरू ठेवला तर त्याला सांगावे, नाहीतर तो दार मोडेल.

कलम दोन. बँकेतली बचत आत्याला. त्यातून तिने गुडघे दुरुस्त करून घ्यावेत. "बघू" म्हणू नये. "बघू" हा तिचा नकार असतो, हे येथे नोंदवून ठेवते.

सायकल आत्येभावाला, एका अटीवर. दोर बांधायला हिला मीच शिकवले, असे लोकांना सांगणे त्याने बंद करावे. माझी पहिली शाळा आत्याची. ती स्वयंपाकघरातली खुर्ची उलटी करायची आणि चारही पाय मला दोराने आवळायला लावायची. अक्षरे मी त्यानंतर शिकले. बांधून झाले की आत्या खुर्ची उचलून गदागदा हलवायची, आणि पाय जरा जरी लटपटला तरी म्हणायची, "सोड. पुन्हा." हा दादा त्या वेळी बाहेर चेंडू शोधत असायचा. चेंडूही त्याला कधी सापडला नाही.

कलम तीन. हत्यारे. दोर आवळायचा लाकडी दांडका मुळात आत्याचाच, तो तिच्याकडे परत. ताडपत्री शिवायचे दाभण, हातमोजे आणि सगळे दोर, ट्रक भरतात त्या आवारात माझ्या जागी जो कोणी येईल त्याला. आधी खुर्चीची परीक्षा घ्यावी. ती आत्या घेईल आणि दयामाया दाखवणार नाही.

कलम चार. हे कलम मालमत्तेचे नाही. हा कागद ज्यांना विचारून लिहिते आहे त्या वकीलबाई म्हणाल्या, "मृत्युपत्रात असलं काही लिहीत नाहीत गं." मी विचारले, लिहिले तर रद्द होते का? "रद्द नाही होत." मग लिहिते.

ट्रकचे मालक, ज्यांना आम्ही शेठ म्हणतो, त्यांचे म्हणणे आहे की बांधणी सैल होती. शिवाय मी त्यांची नोकर नाही, दर ट्रकमागे मजुरी घेते, हे त्यांनी कोर्टाला आवर्जून लिहून दिले आहे. कोर्टाने हे मानले तर शेठ मोकळे, आणि घड्याळजींच्या बाईंची भरपाई माझ्या अंगावर. माझ्याकडे द्यायला काय आहे ते वर दिसलेच. बाईंच्या हाती सायकल लागेल.

शेठ घरी येऊन गेले. "हे बघ पोरी, हातून चूक झाली एवढंच लिहून दे. माणूस आहे, चुकतो. तुझं काम कुठे जात नाही."

"शेठ, चूक झाली असती तर तुम्ही यायच्या आधीच लिहून दिली असती."

हे मी ऐटीत बोलले नाही. अपघातानंतर कित्येक दिवस मी खुर्ची उलटी करून पुन्हा पुन्हा बांधत होते, आपलेच काही चुकले का म्हणून. शेवटी आत्याने खुर्ची माळ्यावर टाकली आणि आम्ही जमिनीवर बसून जेवलो.

मग पोलिसांनी फोटो दाखवले. रस्त्यावर पडलेल्या पाइपांपैकी बऱ्याच पाइपांच्या तोंडांना पिवळी टोपणे आहेत. मी बांधले त्या पाइपांना टोपणे नव्हतीच. त्यांच्या तोंडांत बोटे घालूनच मी ते सरळ केले होते. म्हणजे ट्रक आवारातून निघाल्यावर वाटेत कुठेतरी थांबला, दोर सोडला गेला, वर आणखी माल चढला आणि दोर पुन्हा बांधला गेला. पिवळ्या टोपणांचा माल शेठच्या दुसऱ्या गोदामात असतो. ट्रक तिथेच थांबला, हा माझा अंदाज आहे, आणि अंदाज म्हणूनच लिहिते.

घड्याळजींच्या बाई आवारात आल्या होत्या.

"बांधलं होतंस ते तूच ना?"

"हो, मीच. पण पडलं ते मी बांधलेलं नव्हतं."

"मग कोणी?"

मी पाहिलेले नाही, म्हणून गप्प राहिले. त्यांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "इथपर्यंत आलं की सगळेच गप्प बसतात," म्हणाल्या आणि गेल्या.

जे पाहिले नाही ते मी आजही लिहिणार नाही. त्यासाठी एक ओळ कोरी सोडते. वकीलबाईंनी कपाळावर हात मारून घेतला, तरी सोडते.

दोर सोडला तो: ..............................

येत्या आठवड्यात सुनावणी आहे. मी जाणार आहे आणि उभी राहून हेच सांगणार आहे. बांधून दाखव म्हणाले तर न्यायाधीशांची खुर्चीही बांधून दाखवीन. हा कागद साक्षीच्या बदल्यात नाही.

कलम पाच. भिंतीवरचे घड्याळ घड्याळजींच्या बाईंना. ते त्यांच्या यजमानांनी दुरुस्त केले होते. मागच्या झाकणावर त्यांचे पेन्सिलीतले अक्षर आहे. ही भरपाई नाही आणि कबुलीही नाही. त्यांची वस्तू त्यांच्या घरी जावी, इतकेच.

शेठनी दिलेली, कंपनीचे नाव असलेली छत्री शेठना परत. तिची काडी मला मिळाली तेव्हापासूनच मोडलेली होती.

कलम सहा. त्या ट्रकचे ड्रायव्हर मौनीदादा यांना मी काहीही ठेवत नाही. आवारात त्यांना मौनी म्हणतात, कारण ते हॉर्नसुद्धा वाजवत नाहीत. त्यांच्यावर माझा राग नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये असे वकीलबाई सांगतात, आणि मला साक्षीदार म्हणून तेच हवे आहेत.

"मीच का?" त्यांनी विचारले.

"कारण तुम्हाला काही मिळणार नाही."

"ते तर नेहमीचंच आहे."

त्यांचा पाय अपघातात मोडला. दोन मुली शिकत आहेत आणि पगार शेठच देतात. पोलिसांना ते "आठवत नाही" एवढेच म्हणाले आहेत. साक्षीदाराने मजकूर वाचायलाच हवा असे नाही, पण मी हा कागद दोन दिवस त्यांच्या घरी ठेवायला देत आहे. सहीच्या दिवशी ते आले नाहीत तर कोपऱ्यावरचे न्हावी तयार आहेत. मी मौनीदादांवर रुसणार नाही. वाट मात्र पाहीन.

आत्याचीही साक्षीदार म्हणून सही करायची फार इच्छा होती. "मला मिळतंय म्हणून सही नाही? मग मिळायचं राहू दे, सही करू दे." नियम सांगितला. ती म्हणाली, "बघू."

वरील सर्व मजकूर मी माझ्या हाताने लिहिला आणि वाचून पाहिला. खाडाखोड एकच, कलम दोनमध्ये: आधी एकाच गुडघ्याचे लिहिले होते, नंतर दोन्ही घेतले. हेच माझे म्हणणे, आणि मी गेल्यावरही हेच राहील.

ठिकाण: आत्याच्या घराची मागची खोली
दिनांक: सुनावणीच्या आधीचा रविवार

(सही) माल बांधणारी

साक्षीदार पहिली: गल्लीच्या तोंडावरची शिंपीण. हिने माझ्या डोळ्यांदेखत सही केली. हात कापत नव्हता.
(सही)

साक्षीदार दुसरा: ट्रकचा ड्रायव्हर, मौनी. सही माझ्यासमोर झाली. कलम चारमधली ओळ मला पुरत नाही, म्हणून इथे लिहितो. दोर मी सोडला. शेठ शेजारी उभे होते, म्हणाले एवढा माल वर टाक, पाच मिनिटांचं काम आहे. पुन्हा मीच बांधला. हलवून पाहिला नाही. कोर्टाला पायऱ्या आहेत आणि मी कुबड्यांवर आहे. हात द्यायला कोणी आलं तर मी येतो.
(सही)