मामांच्या पायाखालची वाळू

ती. गुरुनाथमामा यांस,

बेस्ट गावाहून श्रीहर्षचा साष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नसल्याने सध्या कागदावरच). मोतीबिंदू काढल्यापासून तुम्हाला भिंतीवरचे डाग दिसू लागले आणि मामींना रंगारी बोलवावा लागला, असं आईकडून कळलं. तब्येतीला जपा, रंगाऱ्यालाही. इकडे पाऊस आहे, म्हणजे सगळं ठीक आहे. गुडघ्यावर इथल्या डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिली. (डोकं फुटलं असतं तरी तीच मिळाली असती.)

गुडघ्याची हकिकत अशी. वृंदाचं संशोधन तुम्हाला ठाऊक आहेच (तुमच्या शब्दांत, सरकारी खर्चाने समुद्राचे फोटो). कॅरिबियन समुद्रात बोनेर नावाचं बेट आहे, कारभार इथल्याच डच सरकारचा. तिथल्या ठरावीक जागांवरून दरवर्षी किनाऱ्याचे फोटो काढायचे आणि समुद्र किती आत आला ते मोजायचं, हे तिचं काम. यंदा तिची मदतनीस आजारी पडली आणि भाचेसुनेच्या कामाला हातभार लावायला तुमचा भाचा स्वखर्चाने गेला. दिवसभर चिप बनवणारी यंत्रं केसाच्या हजाराव्या भागाइतकी अचूक जुळवणाऱ्याला काठीचा फोटो काढणं काय अवघड, असं मी निघताना बोलून गेलो. बायकोने ते लक्षात ठेवलं.

नियम एकच होता. प्रत्येक फोटोत लाल-पांढरी मोजकाठी उभी हवी, म्हणजे त्यावरून वाळूचा हिशोब लागतो. दुसऱ्याच जागी एक गाढव आलं (तिथे गाढवं मोकळी हिंडतात) आणि त्याला माझ्या पिशवीतल्या भाकरवडीचा वास लागला. मी पळालो, खडकावर गुडघा फुटला आणि काठी लाटेबरोबर गेली. वृंदा किनाऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला होती. तेव्हा आपल्या घराण्यात कुणालाही जे सुचलं असतं, तेच मला सुचलं. कॅमेरा दगडावर ठेवला, टायमर लावला आणि प्रत्येक जागी काठीऐवजी मी स्वतः उभा राहिलो. माणूस नसलेला फोटो म्हणजे वाया घालवलेला रोल, हे तुम्हीच शिकवलंत. नुसतं उभं राहणं बरं दिसेना, म्हणून समुद्राकडे बोट दाखवलं.

परत आल्यावर वृंदाच्या प्राध्यापिकाबाईंनी ते फोटो बराच वेळ पाहिले. मग त्यांनी विचारलं, "हे गृहस्थ प्रत्येक ठिकाणी काय दाखवतायत?" वृंदा म्हणाली, "समुद्र." बाईंचा पुढचा प्रश्न माझ्या उंचीचा होता. मी पाच फूट आठ सांगितलं. बाईंनी मला भिंतीला टेकवून मोजलं, तर पाच फूट साडेसहा भरलो. काठीच्या जागी मी धरला गेलो आणि फोटो वाचले. (वृंदाला माझी खरी उंची लग्नापासूनच माहीत होती म्हणे.)

पण फोटो वाचून भागत नाही. तुलनेला पुरेसा जुना फोटोच नाही. बाईंकडचा सर्वांत जुना तो गेल्या दहाबारा वर्षांतला, आणि तेवढ्यावर काही सिद्ध होत नाही. डिसेंबरनंतर काम बंद, असं वरून कळवलंय. वृंदा तेव्हापासून नुसती स्वयंपाकघरातले डबे पुन्हापुन्हा लावत बसते. मला ते बघवत नाही, हे तुम्हाला म्हणून लिहितो.

बाकी क्षेम. मामींना नमस्कार, रंग कोणता ठरला ते कळवा.

तुमचा भाचा,
श्रीहर्ष

ता.क. तुम्ही बोटीवर होतात तेव्हाचा, दिवाणखान्यातला तो फोटो. मीठ भरायला कुठल्याशा बेटावर गेला होतात आणि मागे अर्धाच दगडी मनोरा आलाय (वरचा अर्धा कापला, कारण तुम्ही बुटांसकट यायला हवे होतात). मामा, तो मनोरा बोनेरचा आहे. त्याच्यासमोर उभा राहिलो तेव्हा मी ओळखला. फोटो चौकटीतून काढून, कडा न कापता, स्कॅन करून पाठवा. मनोऱ्यापुढची तेव्हाची वाळू आम्हाला आणखी कुणाकडे मिळालेली नाही, ती फक्त तुमच्या पायाखाली आहे. वृंदाला अजून सांगितलेलं नाही. उगाच आशा नको.

ता.क. २. सोबत तुमची उंची कळवा. मामींना बघायला गेलात तेव्हा सांगितलेली नको, खरी. तुम्ही ऐटीत उभे आहात तिथे आता पाणी आहे, मामा. ते तुमच्या हनुवटीला लागेल की डोक्यावरून जाईल, हे तुम्ही काय कळवता त्यावर आहे.