मधले सव्वीस फोटो

कामोठे,
१९ ऑगस्ट २०२५

प्रिय सौ. अरुणास,
स. न. वि. वि.

फोनवर तू सगळं छान आहे म्हणतेस आणि लगेच माझ्या गोळ्यांवर येतेस, म्हणून हे ईमेलवरचं पत्र. पत्राला लेखी उत्तर द्यावं लागतं आणि लेखी उत्तर मला दोनदा वाचता येतं.

इकडे ठीक आहे. सुमित्राबाई पोळ्या करून जातात, भाजी मी करतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये गच्चीच्या गळतीवरून पुन्हा भांडणं झाली. मी तीन प्रश्न विचारले, तर सेक्रेटरी उठून चहा प्यायला गेला.

आता कामाचं. निघताना मी कॅमेरा तुझ्या हातात दिला तेव्हा नीट बजावलं होतं, की फिरून आल्यावर कार्ड काढून निशांतच्या लॅपटॉपला लावायचं, सगळे फोटो उतरवायचे आणि आपल्या फोल्डरमध्ये मूळ आकारात चढवायचे. व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, तिथे फोटोचा पार चोथा होतो. हे तू शहाण्यासारखं करत होतीस. काल फोल्डर उघडलं, तर २३१ नंबरच्या फोटोत निशांतचा हॉल, पुसून लख्ख केलेला. त्याच्या पुढचा फोटो २५८, कुठल्याशा बंदरातल्या बोटी. मधले सव्वीस फोटो कुठे गेले? नंबर कॅमेरा स्वतः टाकतो आणि तो मोजायला चुकत नाही. पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात एकतीस वर्षं मी मालाची तपासणी केली, एक नट कमी असला तरी पेटी गेटबाहेर जाऊ दिली नाही. इथे तर सव्वीस.

आणि परतीचं तिकीट ३१ ऑगस्टवरून २२ ऑक्टोबरवर का गेलं तेही कळव. हवा छान आहे हे कारण वाचलं. तिकडे रोज पाऊस पडतो असं गेल्या पत्रात तूच लिहिलंयस.

माझा लोभ आहेच, तुझाही या चौकशीनंतर शिल्लक राहो.
तुझा,
दिनानाथ


कॉर्क, आयर्लंड,
२१ ऑगस्ट २०२५

प्रिय अहो,
सा. न. वि. वि.

अगं बाई! निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी तुमची तपासणी काही सुटत नाही. गिऱ्हाईक सात समुद्रांपलीकडे गेलं तरी हे भिंग घेऊन मागे आहेतच.

ते सव्वीस फोटो खराब आले होते हो. कुठे माझं बोट मध्ये, कुठे नुसती फरशी. तुम्हाला पाठवले असते तर त्यावर वेगळं पत्र आलं असतं, म्हणून पुसून टाकले. शनिवारी आम्ही समुद्रावरच्या उंच कड्यांवर गेलो होतो. असला वारा की पदर सांभाळू की तोल, कळेना. आम्हा मायलेकरांचा तिथला फोटो एका जर्मन पर्यटकाने काढून दिला. फार सज्जन माणूस. निशांतचं वजन वाढलंय आणि तो आता भांडी घासतो, हे दोन्ही बघून मला बरं वाटलं. सूनबाई रुतिकाला लॅबमध्ये सारखी ड्यूटी असते, पण तुम्हाला नमस्कार सांगते. रविवारी फोनवर मी लवकर आवरतं घेतलं कारण डोकं चढलं होतं, पडून राहिले होते.

तिकिटाचं काय एवढं? मुलाकडे दोन महिने जास्त राहिले तर कुठे बिघडलं? फ्रिजच्या दारावर तुमच्या औषधांचा कागद लावलाय, तो तेवढ्याच बारकाईने तपासा.

तुमच्या शंका वजा करून उरेल तेवढी माया माझ्यावर असू द्या.
तुमची,
अरुणा


कामोठे,
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय सौ. अरुणास,
स. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आता ऐक.

कुणाच्याशा लग्नातल्या जेवणावळीत नुसत्या पळीचा फोटो आला होता, तोही तू अकरा वर्षं पुसू दिला नाहीस. ती बाई एका दमात सव्वीस फोटो पुसते, हे मी कुणालाही पटवून देऊ शकणार नाही.

तो जर्मन. तुझे आणि निशांतचे एकत्र असे अकरा फोटो आहेत, तीन वेगवेगळ्या गावांतले. हा सज्जन माणूस तुमच्या मागे गाडी घेऊन फिरतोय की काय?

तिसरं. कॅमेऱ्याचं घड्याळ भारताच्या वेळेवरच आहे, मी साडेचार तास वजा करून बघतो. २३१ नंबरचा फोटो रविवारी तिकडच्या सकाळी अकराचा आणि २५८ दुपारी चारचा. म्हणजे ज्या वेळी तू डोकं चढून पडली होतीस, त्याच वेळी सव्वीस फोटो निघाले. डोकेदुखीचे काढलेस का?

आणि शेवटचं, ज्याने मला दोन दिवस झोप नाही. दोनशे-सव्वादोनशे फोटोंत रुतिका एकदाही नाही. एकदाही! फोटो ती काढत असेल असं धरलं, तर एकदा तरी कॅमेरा तुझ्या हातात आलाच असता. एक तर ती त्या घरात नाही, नाहीतर आहे आणि मला दिसू नये अशी व्यवस्था केलेली आहे. अरुणा, सरळ विचारतो. निशांतचं घर मोडलंय का? असेल तर तू तिथे तीन महिने त्याला सांभाळायला थांबली आहेस आणि बापाला बोटींचे फोटो पाठवते आहेस. मला राग येण्यापेक्षा भीती जास्त वाटते आहे.

लोभ आहे म्हणूनच विचारतो, हे तुला वेगळं सांगायला नको.
दिनानाथ


कॉर्क,
२६ ऑगस्ट २०२५

प्रिय अहो,
सा. न. वि. वि.

थोडक्यात लिहिते. निशांतचं घर मोडलेलं नाही, तुमची शपथ. दोघं एकत्र आहेत आणि सुखात आहेत. जर्मन माणूस खोटा होता, माफ करा. मला खोटं बोलता येत नाही हे तुम्हाला लग्नापासून माहीत आहे.

पण काही गोष्टी ज्याच्या त्याने सांगायच्या असतात आणि हे सांगणं माझ्या हातात नाही. मी शब्द दिलाय. आणखी खोदू नका. उरणला रुतिकाच्या घरी तर मुळीच फोन करू नका, एवढं माझं ऐका.

माझ्यावर विश्वास आणि लोभ, दोन्ही ऑक्टोबरपर्यंत टिकवा.
तुमची,
अरुणा


कामोठे,
३० ऑगस्ट २०२५

प्रिय अरुणास,
स. न. वि. वि.

तू उरणला फोन करू नका म्हणालीस. फोन केला नाही. पनवेलहून बस धरून काल उरणला गेलो.

कंटेनरच्या ट्रेलरांमागे बस तासभर रांगत होती आणि तेवढा वेळ मी मनात वाक्यं घोटत होतो. तुमची मुलगी कुठे आहे ते सांगा, असं पहिलं वाक्य होतं. निशांतच्या लग्नानंतर चार वर्षांत मी त्या घरी कधी गेलो नाही, हे बस स्टँडवर पत्ता विचारताना लक्षात आलं.

रुतिकाच्या वडिलांनी, दादूंनी, मला अंगणातूनच पाहिलं आणि व्याही आले, व्याही आले म्हणून आळी गोळा केली. मी तोंड उघडायच्या आत विहीणबाई कमळीताईंनी माझ्या हातावर साखर ठेवली. म्हणाल्या, आमाला वाटलाच व्हता तुमी येनार, असल्या टायमाला मानूस घरात बसंल कसा. मला काही कळेना. साखर तोंडात टाकली. दादूंनी मला टीव्हीसमोर बसवलं आणि रुतिकाच्या भावाने, भावेशने, फोटो लावले.

अरुणा, पहिलाच फोटो २३२ होता. मूळ आकारातला, नंबरासकट. नंतर २३३, २३४. एकही सुटला नव्हता.

हिरव्या साडीत, फुलांच्या वाडीत रुतिका बसली होती. सात महिने उलटलेलं पोट लपत नव्हतं. तू तिची ओटी भरत होतीस. पुढे दोन झाकलेल्या वाट्या होत्या आणि पेढा निघतो की बर्फी ते बघायला निशांत लहान पोरासारखा वाकला होता. माझ्या घरचं डोहाळजेवण मी व्याह्यांच्या टीव्हीवर बघत होतो.

कमळीताई प्रत्येक फोटोला मला विचारत होत्या, की हा तर तुमी बघितलाच असंल. मी हो म्हणत होतो. सव्वीस वेळा हो म्हणालो. मला काहीच माहीत नाही हे त्या दोघांना माहीत नाही, एवढं चौथ्या-पाचव्या फोटोला उमगलं. त्यांनी आग्रहाने जेवू घातलं, येताना सुकटीची पिशवी दिली. माझ्या घोटलेल्या वाक्यांपैकी एकही निघालं नाही.

परतताना लपवण्याचं कारण शोधायला फार खोदावं लागलं नाही. दोन वर्षांपूर्वी रुतिकाचं पहिलं मूल चौथ्या महिन्यात पोटातच गेलं. तिसऱ्या दिवशी मी निशांतला लिहिलं होतं, की दोष कोणात आहे ते दोघांनी एकदा तपासून घ्या. माल परत आला की कारखान्यात मी असाच शेरा मारायचो. ती बरी आहे का, हे विचारायचं मला सुचलं नाही. ते तिने वाचलं असणार. तू तेव्हा चार दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस आणि मी समजलो, की तुला दुःख झालंय.

मी दहा-बारा दिवस तुम्हा सगळ्यांवर संशय घेत फिरलो. माझी लाज वाटते. हे पत्र रुतिकाला वाचायला दे. तिला सांग, तिने काही कळवावं असा माझा हक्क नाही. पण मला नातवाचं तोंड बघायचं आहे.

तुझ्याकडे आज लोभ मागायला धजत नाही.
दिनानाथ


कॉर्क,
४ सप्टेंबर २०२५

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

मला पत्राची सवय नाही. वरचा मायना आईंना विचारून लिहिला, खालचं माझं आहे.

तुमचं पत्र वाचलं. फोटो लपवायचं मीच ठरवलं होतं. आई पहिल्या दिवसापासून नको म्हणत होत्या, तुमच्याशी खोटं बोलताना त्यांची काय हालत व्हायची ते मी बघितलंय. त्यांना काही बोलू नका. रोज कार्डवरचे फोटो लॅपटॉपवर घेतले की मी वेगळे करायची, माझे उरणला आणि बाकीचे तुम्हाला. तुमच्यासाठी फोटो काढताना मी मुद्दाम कॅमेऱ्यामागे राहायची.

बाबा, त्या मेलचा राग नव्हता, भीती होती. परत काही झालं असतं तर तुम्ही परत तसंच विचारलं असतं, आणि मला ते दुसऱ्यांदा झेपलं नसतं. निशांतने तेव्हा तो मेल माझ्यापासून लपवला होता. मी त्याच्या लॅपटॉपवर रिपोर्ट शोधत होते आणि तो दिसला. दोष कुणातच नव्हता. डॉक्टर म्हणाले, असं कधीकधी होतं. तुम्ही कधी विचारलं नाहीत म्हणून आज सांगते.

मी ते विसरले असं खोटं लिहिणार नाही. तुम्ही उरणला गेलात, पप्पांच्या शेजारी बसलात आणि त्यांना काही कळू दिलं नाहीत, ते पण विसरणार नाही. पप्पा फोनवर अर्धा तास तुमचंच सांगत होते. त्यांना तुम्ही फार मोठे वाटता. तुम्ही काय लिहिलं होतं ते मी त्यांना कधी सांगितलं नाही आणि सांगणार नाही. तुम्हीही सांगू नका. मन हलकं करायला म्हणून तर अजिबात नको.

डॉक्टरांनी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिली आहे. बाळाचा पहिला फोटो उरणलाच जाईल. मम्मी-पप्पांना मोबाइलवर नीट दिसत नाही, भावेश टीव्हीवर लावतो. त्या दिवशी निशांत तुम्हाला फोन करेल. फोटो तुमच्या फोल्डरमध्ये येणार नाही. तुम्ही बस पकडून उरणला जा आणि त्यांच्यासोबत बसून बघा. मम्मी साखर देईल ती घ्या. आणि या वेळी तुम्हाला हो हो करत बसावं लागणार नाही, कारण तुम्ही तिघं एकदमच पहिल्यांदा बघाल.

टेन्शन घेऊ नका, माझी तब्येत ठीक आहे. तुम्ही विचारलं नाहीत, पण या वेळी विचारणार होतात असं धरून सांगते.

मायेत कमीजास्त झालं असेल तर दोघांनी मिळून भरून काढू.
आपली सून,
रुतिका